हजरत जैनब (रजि.) : वियोगातही जपलेले नाते



अल्लाहचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांना चार कन्या होत्या : जैनब, रुकय्या, उम्मे कुलसूम आणि फातिमा (रजि.). आपल्या घरी मुलगी जन्मली की यांपैकीच एखादे नाव आपण मोठ्या हौसेने ठेवतो. हजरत फातिमा (रजि.) यांचे चरित्र आपल्या कानांवरून पुष्कळदा गेलेले असते. थोरल्या कन्येविषयी मात्र आपल्यातील अनेकांना नावापलीकडे फारसे ठाऊक नसते. आज त्यांचाच जीवनवृत्तान्त आपल्यापुढे ठेवीत आहे.

या वृत्तान्तात युद्ध येते, वाटाघाटी येतात, हिजरत येते. परंतु मूळ कथा आहे ती एका संसाराची. पती-पत्नीचे एकमेकांवर मनापासून प्रेम आहे आणि तरीही त्यांना एका छपराखाली राहता येत नाही, अशी वेळ आली तर माणसाने त्या नात्याशी कसे वागावे? या प्रश्नाचे उत्तर हजरत जैनब (रजि.) यांच्या आयुष्यात आहे. कारणे निराळी असतील, पण हा प्रश्न आपल्याही घरांचे दार ठोठावतो, हे आपण सारे जाणतो.

मावशीच्या घरची सून

प्रेषित (स.) यांचे वय सुमारे ३० वर्षांचे असताना, म्हणजे पैगंबरी मिळण्याच्या जवळपास १० वर्षे आधी, मक्केत हजरत जैनब (रजि.) यांचा जन्म झाला. आई हजरत खदीजा (रजि.) या मक्केतील प्रतिष्ठित व्यापारी स्त्री. त्यांना हाला नावाची बहीण होती. या हाला यांचे पुत्र अबुल आस बिन रबीअ हे प्रामाणिक व्यापारी म्हणून शहरात नावाजलेले होते. लोक आपला माल आणि पैसा विश्वासाने त्यांच्या हाती सोपवीत आणि ते काफिल्याबरोबर शामच्या बाजारपेठेत जाऊन व्यापार करीत. खदीजा (रजि.) यांची या भाच्यावर पोटच्या मुलासारखी माया होती. थोरल्या लेकीसाठी हेच स्थळ त्यांनी पतीला सुचविले. प्रेषित (स.) यांनी पत्नीचा शब्द मानला आणि पैगंबरी मिळण्यापूर्वीच हा निकाह झाला.

पाठवणीच्या वेळी आईने आपल्याकडचा एक हार लेकीला दिला. वाचकहो, हा हार ध्यानात ठेवावा. पुढे एका कठीण प्रसंगी तो पुन्हा आपल्यापुढे येणार आहे.

जैनब (रजि.) ज्या घरात सून म्हणून गेल्या ते मावशीचेच घर होते. पती मावसभाऊ, सासू सख्खी मावशी. संसार सुखाचा चालला. या दांपत्याला अली नावाचा मुलगा आणि उमामा नावाची मुलगी झाली.

एका घरात दोन वाटा

मग प्रेषित (स.) यांच्यावर वह्य उतरली आणि मक्केचे वातावरण पालटले. खदीजा (रजि.) यांनी सर्वप्रथम ईमान आणले, त्यांच्या मागोमाग कन्याही इस्लाममध्ये दाखल झाल्या. जैनब (रजि.) या विवाहिता होत्या, त्यांनीही वडिलांच्या सत्यतेची साक्ष दिली. अबुल आस मात्र वाडवडिलांचा मार्ग सोडायला तयार झाले नाहीत. एकाच घरात आता दोन वाटा झाल्या.

कुरैशच्या सरदारांनी प्रेषित (स.) यांना त्रास देण्याचे जे उपाय शोधले, त्यांत एक उपाय घरगुती होता. ज्यांच्या घरी मुहम्मद (स.) यांच्या मुली दिल्या आहेत, त्यांनी त्या परत पाठवाव्यात, म्हणजे हा पिता मुलींच्या काळजीत गुंतून पडेल, असा त्यांचा हिशेब होता. अबू लहबच्या दोन मुलांनी तसे केलेही. रुकय्या आणि उम्मे कुलसूम (रजि.) या दोघींना त्यांनी सोडले. सरदार अबुल आस यांच्याकडेही आले. पत्नीला सोड, कुरैशमधील तुला आवडेल त्या मुलीशी तुझे लग्न लावून देतो, असे आमिष त्यांनी दाखविले. अबुल आस यांनी साफ नकार दिला. आपल्या पत्नीच्या जागी कुरैशमधील दुसरी कोणतीही स्त्री आपल्याला नको आहे, असे त्यांनी त्यांना सांगितले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. अबुल आस यांनी त्या वेळी ईमान आणलेले नव्हते. सारा समाज एका बाजूला होता आणि सासरे समाजाच्या रोषाला पात्र ठरलेले होते. अशा वेळी बायकोला माहेरी धाडून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही. या वागणुकीची जाण प्रेषित (स.) यांनी जन्मभर ठेवली. पुढे मदिनेत एका प्रसंगी भर सभेत त्यांनी आपल्या या जावयाची प्रशंसा केली आणि तो बोलला ते खरे बोलला, वचन दिले ते पाळले, या आशयाचे उद्गार काढले, असे हदीसमध्ये आले आहे.

इ. स. ६१९ मध्ये खदीजा (रजि.) यांचे निधन झाले. आईचे छत्र गेले. ६२२ मध्ये प्रेषित (स.) हिजरत करून मदिनेला गेले आणि थोड्याच काळात घरातील इतर मंडळीही तिकडे पोहोचली. जैनब (रजि.) पतीच्या घरी, मक्केतच राहिल्या. श्रद्धावंत स्त्रीने ईमान न आणलेल्या पतीजवळ राहण्यासंबंधीचा अंतिम आदेश तोवर उतरलेला नव्हता. आई कबरीत, वडील आणि बहिणी शेकडो मैल दूर आणि भोवती वडिलांच्या रक्ताचे तहानलेले शहर, अशा स्थितीत त्यांनी ती वर्षे काढली.

बद्रनंतर आलेला हार

हिजरी २ च्या रमजान महिन्यात, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, बद्रची लढाई झाली. कुरैशच्या सैन्यात अबुल आसही होते. जैनब (रजि.) यांच्या मनाची त्या दिवसांतील अवस्था आपण आपल्याच मनाला विचारून पाहावी. एका फळीत जन्मदाते वडील, जे अल्लाहचे प्रेषितही आहेत. समोरच्या फळीत मुलांचे वडील. ईमानचा कौल स्पष्ट होता, पण काळजाला कापरे भरल्यावाचून राहिले नसेल.

कुरैशचा पराभव झाला. त्यांचे सुमारे ७० लोक मारले गेले आणि जवळपास तितकेच कैद झाले. कैद्यांत अबुल आस होते. जिवंत असल्याची बातमी आली एवढाच काय तो दिलासा.

इकडे मदिनेतही विजयाच्या आनंदावर शोकाची छाया होती. प्रेषित (स.) यांच्या दुसऱ्या कन्या रुकय्या (रजि.) आजारी होत्या. त्यांच्या शुश्रूषेसाठी त्यांचे पती हजरत उस्मान (रजि.) यांना प्रेषितांनी मदिनेतच थांबविले होते. विजयाची वार्ता घेऊन दूत शहरात आले तेव्हा लोक रुकय्या (रजि.) यांच्या कबरीवर माती देत होते. लेकीचा अखेरचा निरोपही पित्याला घेता आला नाही.

काही दिवसांनी कैद्यांच्या सुटकेसाठी मक्केहून मोबदला येऊ लागला. जैनब (रजि.) यांनीही पतीसाठी रक्कम पाठविली आणि त्या रकमेसोबत आपला एक हार पाठविला. तो हार प्रेषित (स.) यांच्या दृष्टीस पडला आणि त्यांनी तो तत्क्षणी ओळखला. तो खदीजा (रजि.) यांचा हार होता. पंचवीस वर्षे साथ दिलेली पत्नी जाऊन पाच वर्षे झाली होती, एका लेकीला नुकतीच मूठमाती मिळाली होती आणि दुसरी लेक शत्रूच्या शहरातून आईची आठवण पतीच्या प्राणांच्या बदल्यात देऊन टाकत होती. प्रेषित (स.) यांचे अंतःकरण भरून आले. पाहणाऱ्यांनाही ते जाणवले.

यानंतर जे घडले त्याकडे विशेष लक्ष द्यावे. ते मदिनेचे प्रमुख होते. हा माझा जावई आहे, याला सोडा, असा हुकूम त्यांना देता आला असता. पण कैद्यांच्या मोबदल्यावर साऱ्या मुस्लिमांचा हक्क होता. म्हणून त्यांनी सहाबांना विचारले की तुम्हाला योग्य वाटत असेल तर जैनबच्या कैद्याला सोडावे आणि तिची वस्तू तिला परत करावी. सहाबांनी आनंदाने होकार दिला. हार ज्या गळ्यातून आला होता तेथे परत गेला आणि अबुल आस मोबदल्याविना सुटले. प्रेम होते म्हणून दुसऱ्याचा हक्क डावलला गेला नाही आणि दुसऱ्याचा हक्क होता म्हणून प्रेम दडपलेही गेले नाही.

सुटका करताना जैनबला मदिनेला पाठवून द्यावे, असे अबुल आस यांच्याकडून ठरवून घेण्यात आले. तिला आणण्यासाठी हजरत जैद बिन हारिसा (रजि.) आणि एक अन्सारी सहाबी यांना प्रेषितांनी रवाना केले आणि मक्केजवळच्या याजज खोऱ्यात थांबायला सांगितले.

दिराने केलेली पाठराखण

अबुल आस घरी आले आणि त्यांनी पत्नीला वडिलांकडे जाण्याची मुभा दिली. मक्केत पोहोचल्यावर त्यांना शब्द फिरवता आला असता. कुरैशने त्यांचे कौतुकच केले असते. ज्या पत्नीला सोडण्याचे आमिष त्यांनी झिडकारले होते, तिलाच आता दिलेल्या वचनापायी निरोप द्यायचा होता. त्यांनी तो दिला.

जैनब (रजि.) यांची तयारी चालू असताना घडलेली एक गोष्ट चरित्रग्रंथांत नोंदलेली आहे. अबू सुफयान यांच्या पत्नी हिंद बिन्ते उत्बा त्यांना भेटल्या आणि वडिलांकडे जात असल्यास प्रवासाचे सामान किंवा पैसा लागत असेल तर संकोच न करता सांग, पुरुषांची भांडणे बायकांच्या आड येत नाहीत, असे त्या म्हणाल्या. ध्यानात घ्या, बद्रमध्ये याच हिंद यांचे वडील, चुलते आणि भाऊ मारले गेले होते. जैनब (रजि.) यांना त्यांच्या बोलण्यात सच्चेपणा जाणवला. पण परिस्थिती धोक्याची होती, म्हणून त्यांनी आपला बेत उघड केला नाही.

अबुल आस यांचे भाऊ किनाना वहिनीला पोहोचवायला निघाले. त्यांनी उंटावर हौदा बांधला, खांद्याला धनुष्य लावले आणि भर दिवसा वाट धरली. बातमी पसरली आणि कुरैशचे लोक पाठलागावर निघाले. जी तुवा येथे त्यांनी उंट गाठला. हब्बार बिन अस्वद याने हौद्यावर भाला रोखून जैनब (रजि.) यांना भयभीत केले. त्या गरोदर होत्या. त्या आघाताने त्यांचा गर्भपात झाला.

किनाना गुडघ्यांवर बसले, भाता पुढे रिता केला आणि जो जवळ येईल त्याच्या अंगात बाण घुसेल, असे त्यांनी बजावले. गर्दी मागे सरली. मग अबू सुफयान यांनी मध्यस्थी केली. बद्रच्या पराभवानंतर मुहम्मद (स.) यांची लेक अशी उघड्या डोळ्यांदेखत जाणे कुरैशला नामुष्कीचे वाटते; तिला बापापासून अडवून ठेवण्यात आम्हाला रस नाही; आता मागे फिरा, बोलबाला थंडावला की रात्री गुपचूप घेऊन जा, असे त्यांनी समजावले. किनाना यांनी ते मानले. काही दिवसांनी एका रात्री त्यांनी वहिनीला जैद (रजि.) यांच्या स्वाधीन केले आणि जैनब (रजि.) मदिनेला पोहोचल्या.

किनाना यांनीही तोवर ईमान आणलेले नव्हते. तरीही घरातील सुनेच्या अब्रूसाठी आणि जिवासाठी ते स्वतःच्या जमातीसमोर धनुष्य घेऊन उभे राहिले. वहिनी आता आमच्या घरची राहणार नाही, मग आमचा काय संबंध, असा विचार त्यांना शिवला नाही.

पहाटेची अमान

पुढची कित्येक वर्षे जैनब (रजि.) मदिनेत वडिलांच्या छायेत राहिल्या आणि अबुल आस मक्केत. शामच्या एका प्रवासात त्यांना पत्नीची आठवण अनावर झाली आणि त्यांनी तिच्या आठवणीत काही ओळी रचल्या, असे चरित्रकार सांगतात. दोघांमध्ये अंतर पडले होते, कटुता आलेली नव्हती.

मग एक दिवस अबुल आस शामहून मक्केच्या लोकांचा माल घेऊन परतत असताना मुस्लिमांच्या एका तुकडीने तो काफिला पकडला. कित्येक चरित्रकारांनी ही घटना हिजरी ६ मधील असल्याचे नमूद केले आहे. अबुल आस कसेबसे निसटले. माल गेला होता, आणि तो माल त्यांचा एकट्याचा नव्हता. मक्केतील अनेकांची ठेव त्यात होती. रात्रीच्या अंधारात ते मदिनेत शिरले आणि जैनब (रजि.) यांच्या दारी येऊन त्यांनी अमान, म्हणजे अभय, मागितले. जैनब (रजि.) यांनी ते दिले.

पहाटे प्रेषित (स.) यांनी मस्जिदीत फज्रच्या नमाजसाठी तकबीर म्हटली. लोक मागे उभे राहिले. इतक्यात स्त्रियांच्या बाजूने जैनब (रजि.) यांचा स्वर आला : लोकहो, अबुल आस बिन रबीअ यांना मी अमान दिली आहे. नमाज पूर्ण झाल्यावर प्रेषित (स.) लोकांकडे वळले. तुम्ही ऐकले ते मीही आत्ताच ऐकले, यापूर्वी मला काहीच ठाऊक नव्हते, असे त्यांनी शपथेवर सांगितले. त्यानंतर मुस्लिमांपैकी अगदी सामान्य व्यक्तीने दिलेली अमानही साऱ्या समाजावर बंधनकारक आहे, हा नियम त्यांनी स्पष्ट केला. एका स्त्रीचा शब्द अशा रीतीने अवघ्या मदिनेचा शब्द झाला.

मग ते लेकीकडे गेले. पाहुण्याची बडदास्त उत्तम ठेव, पण त्याला तुझ्याजवळ येऊ देऊ नकोस, कारण तू त्याच्यासाठी वैध नाहीस, असे त्यांनी तिला समजावले. जैनब (रजि.) यांनी या दोन्ही गोष्टी पाळल्या. मुलांच्या पित्याला उपाशी ठेवले नाही, अपमानित केले नाही, दारातून हाकलले नाही. आणि इतक्या वर्षांनी समोर आलेल्या प्रिय व्यक्तीसाठी अल्लाहने आखलेली मर्यादाही ओलांडली नाही.

ठेव फेडून आणलेले ईमान

काफिल्याचा माल ज्यांच्या हाती आला होता, त्यांना प्रेषित (स.) यांनी बोलाविले. या माणसाचे आमच्याशी असलेले नाते तुम्हाला माहीत आहे; तुम्ही माल परत केलात तर आम्हाला आवडेल, न केलात तर तो तुमचा हक्कच आहे, असे त्यांनी सांगितले. हाराच्या वेळेप्रमाणे याही वेळी हुकूम नव्हता. सहाबांनी सर्व काही आणून दिले. जुनी मशक, पाण्याचा डोल, दोरी, एवढेसुद्धा कोणी मागे ठेवले नाही.

अबुल आस माल घेऊन मक्केला गेले. ज्याची त्याची ठेव नफ्यासह ज्याच्या त्याच्या हाती दिली. मग त्यांनी सर्वांसमक्ष विचारले की कोणाचे काही येणे राहिले आहे काय. कोणाचेही राहिले नसल्याचे लोकांनी मान्य केले आणि त्यांच्या सचोटीची वाखाणणी केली. तेव्हा त्यांनी तेथेच कलिमा उच्चारून इस्लामचा स्वीकार जाहीर केला. मदिनेत असतानाच मी ईमान आणले असते, पण तुमचा माल गिळंकृत करण्यासाठी मी हे केले, अशी शंका तुम्हाला येईल म्हणून थांबलो, असे कारण त्यांनी सांगितले.

यानंतर ते हिजरत करून मदिनेला आले. अनेक वर्षांच्या वियोगानंतर प्रेषित (स.) यांनी लेकीला त्यांच्याकडे सुपूर्द केले. पहिलाच निकाह कायम मानला गेला की नव्याने निकाह झाला, याविषयी रिवायती निरनिराळ्या आहेत आणि विद्वानांनी त्यावर विस्ताराने चर्चा केली आहे. आपल्यासाठी महत्त्वाचे एवढेच की विस्कटलेले घर पुन्हा मांडले गेले. वियोगाच्या काळात दोघांनीही एकमेकांवर चिखल उडविला असता, तर हा दिवस उगवला असता काय?

अखेरचा निरोप

पुनर्मीलनाचे सुख फार काळ टिकले नाही. हिजरी ८ मध्ये हजरत जैनब (रजि.) यांचे निधन झाले. वय तिशीच्या आसपास होते. मक्का सोडताना झालेल्या आघाताचे दुखणे त्यांची पाठ सोडीत नव्हते, असे काही चरित्रकारांनी लिहिले आहे.

गुसल देणाऱ्या स्त्रियांत हजरत उम्मे अतिय्या (रजि.) होत्या. पित्याने त्यांना बारकाईने सूचना दिल्या. पाण्यात बोरीचा पाला घालून तीनदा, पाचदा किंवा गरज भासल्यास त्याहून अधिक वेळा, पण विषम संख्येत स्नान घालावे. शेवटच्या वेळी कापूर वापरावा. उजव्या बाजूने आणि वुजूच्या अवयवांपासून सुरुवात करावी. आणि काम झाले की मला कळवावे, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी केसांच्या तीन वेण्या घालून त्या पाठीमागे सोडल्या. कळविल्यावर प्रेषित (स.) यांनी आपली लुंगी त्यांच्याकडे दिली आणि कफनच्या आत, अंगालगत ती गुंडाळायला सांगितले.

भगिनींनो, आपल्या गावात कोणी आई-बहीण अल्लाहला प्यारी होते तेव्हा तुम्ही बोरीचा पाला उकळता, कापूर आणून ठेवता, उजव्या अंगाने पाणी घालता. कोकणातील वाडी असो की मराठवाड्यातील खेडे, ही रीत त्या दिवशी एका पित्याने आपल्या लेकीसाठी सांगितलेल्या शब्दांवर उभी आहे. यापुढे ते पाणी हाती घेताना जैनब (रजि.) यांची आठवण ठेवावी.

नातीवरील माया

मागे राहिली लहानगी उमामा. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या रिवायतीनुसार लोकांनी प्रेषित (स.) यांना नमाज पढविताना पाहिले, तेव्हा ही नात त्यांच्या खांद्यावर होती. रुकू-सजद्याला जाताना ते तिला खाली ठेवीत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. हबशाचा राजा नजाशी याच्याकडून एकदा दागिने भेट आले. त्यांत सोन्याची एक अंगठी होती. प्रेषित (स.) यांनी उमामाला जवळ बोलाविले आणि ती अंगठी तिला घालायला दिली, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे.

अबुल आस (रजि.) यांचे निधन हिजरी १२ मध्ये, हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या खिलाफतीत झाले. उमामा पुढे हजरत अली (रजि.) यांच्या घरी आल्या. हजरत फातिमा (रजि.) यांनीच मृत्यूपूर्वी तशी इच्छा व्यक्त केली होती, असे सांगितले जाते. आपल्यामागे आपल्या मुलांजवळ थोरल्या बहिणीची लेक असावी, असे धाकट्या बहिणीला वाटले.

आणि तो हब्बार? मक्का-विजयानंतर तो प्रेषित (स.) यांच्यापुढे आला, ईमान आणले आणि क्षमा मागितली. ज्याच्या भाल्याने लेकीच्या पोटातील जीव गेला, त्यालाही त्या पित्याने क्षमा केली.

आपल्या घरांसाठी

वाचकहो, मस्जिदीत इमामत करणाऱ्या माणसाकडे लोक नमाजचे मसले विचारायला येतात, तसे घरांची भांडणेही घेऊन येतात. एक दृश्य वारंवार दिसते. पती-पत्नी वेगळी झालेली असतात. सासरचे लोक सुनेचे दागिने आणि मेहर देण्यास तयार नसतात. माहेरचे लोक मुलांना त्यांच्या दादा-दादीचे तोंड पाहू देत नाहीत. दोन्हीकडचे लोक दुसऱ्याची उणीदुणी गल्लीभर सांगत फिरतात. आणि एका कोपऱ्यात बसलेले लेकरू कोणाच्या बाजूने बोलावे हे न कळून गप्प असते.

कधी वेगळे होणे अटळ असते. शरीअतने तो मार्ग बंद केलेला नाही. पण दिव्य कुरआनने वेगळे होतानाही भलेपणा सोडू नये आणि आपसांतील औदार्य विसरू नये, अशी ताकीद दिली आहे. ती आचरणात कशी आणावी हे हजरत जैनब (रजि.) यांच्या घराने दाखविले. ज्याचे दागिने त्याला परत गेले. दिलेला शब्द पाळला गेला, मग तो कितीही जड असो. दिराने वहिनीला सन्मानाने पोहोचविले. माजी पती दारी आला तेव्हा त्याला आसरा मिळाला, आणि मर्यादाही राखली गेली. सासऱ्याने जावयाचे गुण चारचौघांत सांगितले. आजोबांनी नातीला खांद्यावर घेतले, आणि तिचा बाप अमुक बाजूने लढला होता, असे तिला कधी ऐकविले नाही.

तुमच्या घरात एखादे नाते आज तुटलेल्या अवस्थेत असेल, तर ते पुन्हा जुळेलच असे कोणी सांगू शकत नाही. मात्र तुमच्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. कपाटात कोणाची ठेव पडली असेल तर ती या महिन्यात पोहोचती करा. मुलांना आजोळी आणि दादा-दादीकडे जाऊ द्या. वेगळ्या झालेल्या माणसाचा एक तरी गुण मुलांसमोर सांगा. हिशेबाच्या दिवशी अल्लाह आपल्याला समोरच्याचे वागणे विचारणार नाही, आपले विचारील.

अल्लाह हजरत जैनब (रजि.) यांचे दर्जे उंचावो, आपल्या तुटलेल्या घरांवर कृपा करो आणि वियोगातही न्यायाने व भलेपणाने वागण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.